दातेरी सुरी आणि दस्तरखान

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



एरवी मला इथे बोलावतात ते कवितेवर बोलायला. आज मी सुरीवर बोलणार आहे. दचकू नका. जेवणाच्या टेबलावर ठेवतात ती सुरी. तीही साधी नाही, मांसाचा भाजलेला जाड तुकडा ताटातच कापण्यासाठी जी वेगळी दातेरी सुरी देतात, ती स्टेक नाईफ. आमच्या परभणी जिल्ह्यातल्या बहुतेक घरांत ती कधी आलेली नाही, पुढे येईल असंही वाटत नाही. मग तिच्याबद्दल बोलायचं कशाला? तर आमच्या घरात तिच्यावरून दोन दिवस अबोला झाला, म्हणून.

माझी धाकटी मुलगी हॉटेल मॅनेजमेंट शिकते. सुटीत घरी आली तेव्हा तिच्या डोक्यात एकच काळजी होती. कॉलेजात मोठ्या हॉटेलची माणसं नोकरीच्या मुलाखती घ्यायला येणार आणि मुलाखतीनंतर उमेदवारांना जेवायला बसवून त्यांचं काटे-चमचे धरणं बघतात, असं तिच्या कानावर आलं होतं. म्हणून ती घरी सराव करायची. मांस रोज कुठून आणणार? तिच्या आईने केलेल्या जाड धपाट्यावर तिने काटा-सुरी चालवायला घेतली. डाव्या हातात काटा, उजव्या हातात सुरी. कापायचं आणि डाव्या हातानेच तोंडात घालायचं. पलंगावर बसलेल्या अम्मीने हे पाहिलं. अम्मी त्र्याऐंशी वर्षांची आहे, दात राहिले नाहीत, पण नजर शाबूत आहे. ती म्हणाली, "बाएँ हात से खारी क्या गे?" बस, एवढंच. पोरीने काटा ठेवला आणि ताट सारून उठली. दोन दिवस दादी-नातीचं बोलणं नाही.

दोघींचंही चुकलेलं नव्हतं. आमच्यात डाव्या हाताने खाणं वर्ज्य आहे. आणि ही शिकवण फक्त मुसलमानांची नाही, तुमच्याही आजीने तुमचा डावा हात चापट मारून ताटातून काढलाच असेल. पोरीच्या पुस्तकात मात्र काटा डावीकडे छापलेला. मी मधल्या मध्ये. तेव्हा मी कवीला न शोभणारं काम केलं, माहिती जमवायला बसलो.

पहिला प्रश्न मनात आला तो असा, की सुरी ताटाशी यावीच का? आपल्याकडे कापणं-चिरणं हे दुकानातलं आणि स्वयंपाकघरातलं काम. खाटीक सत्तुराने हाडासकट बोट्या करून देतो. तुम्ही त्याला नीट पाहिलं असेल तर तो जुना माणूस पाटावर बसतो, सुरी पायाच्या अंगठ्यात उभी धरतो आणि मांस दोन्ही हातांनी पात्यावरून ओढतो. म्हणजे पातं जागेवर आणि जिन्नस हलतो. आपल्या विळीचंही तेच. आई विळीवर बसते, पाय पाटावर आणि भाजी पात्याकडे जाते. साहेबाच्या सुरीत उलटं, जिन्नस जागेवर आणि पातं हलतं. हा फरक लहान वाटतो, पण सगळा पुढचा संसार त्यावर उभा आहे.

दुसरी गोष्ट चुलीची. आपली बोटी मंद आचेवर तास-दीड तास शिजते. मांसाच्या धाग्यांना बांधून ठेवणारा जो चिवट भाग असतो तो एवढ्या वेळात विरघळतो, रस्सा त्यानेच दाट होतो, आणि बोटी दोन बोटांनी सुटते. स्टेक याच्या बरोबर उलट. मोठ्या जनावराच्या मऊ भागाचा, आपले खाटीक ज्याला अंडरकट म्हणतात त्या कमरेच्या आतल्या मांसाचा बोटभर जाड तुकडा, कडक तापलेल्या तव्यावर किंवा निखाऱ्यावर काही मिनिटं. बाहेरून खरपूस, आतून ओलसर. धागे तसेच्या तसे. ते बोटांनी तुटत नाहीत. जे काम आपल्याकडे वेळ करतो ते तिकडे सुरीला करावं लागतं. बकरं लहान जनावर, त्याचा असा थाळीभर तुकडा निघत नाही, म्हणून आपल्या पंगतीत हा प्रश्नच आला नाही. अपवाद एकच, अख्खी भाजलेली रान. ती दस्तरखानावर आली की घरातला कर्ता माणूस सुरी मागवतो.

स्टेक हा शब्द उत्तर युरोपातल्या जुन्या नॉर्स भाषेतला. अर्थ काय, तर सळईवर भाजलेलं. म्हणजे आपल्या सीख-कबाबाचा लांबचा भाऊच.

आता मी स्वतः ही सुरी प्रथम कुठे पाहिली ते सांगतो. १९९४ साल असेल. बी.ए. होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, एका कविसंमेलनासाठी मुंबईला गेलो होतो. दंगलीला जेमतेम वर्ष उलटलेलं. संयोजकांनी रात्री एका मोठ्या हॉटेलात जेवायला नेलं. वेटर वही घेऊन आला. शेजारच्या कवीने माझं नाव घेऊन मोठ्याने म्हटलं, यांच्यासाठी स्टेक सांगा, हे खातात. वेटरने लिहून घेतलं आणि वाकून माझ्यासमोरची सुरी उचलून नेली. फक्त माझ्यासमोरची. बाकी सगळ्यांच्या सुऱ्या जागेवर.

श्रोतेहो, त्या चार मिनिटांत माझ्या मनात काय आलं असेल ते तुम्हाला सांगायला नको. नाव ऐकलं आणि सुरी उचलली. मी पाण्याचा पेला धरून बसून राहिलो. कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. मग तोच वेटर परत आला, पांढऱ्या फडक्यावर एक नवी सुरी घेऊन. पहिलीपेक्षा लांब, टोकदार, दातेरी आणि दुप्पट धारदार. ती माझ्या उजव्या हाताशी ठेवली आणि हसून निघून गेला. पद्धतच तशी आहे: स्टेक मागवला की बोथट सुरी काढायची आणि खास सुरी द्यायची. मला हे ठाऊक नव्हतं. त्या वेटरची मी मनातल्या मनात माफी मागितली, आणि मग त्या सुरीने सबंध तुकड्याच्या एकदम पंधरा बोट्या करून, उजव्या हातात काटा घेऊन जेवलो. ही माझी दुसरी चूक. स्टेक एकदम कापून ठेवला की निवतो आणि त्यातला रस ताटात उतरतो. एका वेळी एकच घास कापायचा असतो.

तो रस लाल होता आणि मी पुन्हा दचकलो होतो, कारण रक्त आम्हाला हराम. आता कळलं की ते रक्त नसतंच. रक्त जनावर कापतानाच वाहून जातं. स्नायूंमध्ये प्राणवायू साठवणारं एक द्रव्य असतं, मायोग्लोबिन, त्याचा तो रंग. पाण्यात मिसळून बाहेर येतो. तरी मी पूर्ण भाजलेलंच मागवतो. काही गोष्टी कळल्या तरी वळत नाहीत.

जाता जाता एक खुलासा. मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात गाईबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. त्यामुळे आपल्या राज्यातल्या हॉटेलात आज स्टेक म्हणून जे येतं ते म्हशी-रेड्याचं, नाही तर कोंबडीचं किंवा मासळीचं. सुरी मात्र तीच राहिली आहे.

मग टेबलावरची नेहमीची सुरी बोथट का, हा प्रश्न उरतोच. याचं उत्तर राजकारणात आहे. युरोपात पूर्वी पाहुणा आपली सुरी आपल्या कमरेला लावूनच जेवायला यायचा. तिनेच कापायचं, तिच्याच टोकावर टोचून खायचं. टोकदार सुऱ्या, भरपूर दारू आणि जुनी भांडणं, एवढं एका टेबलाशी आलं की काय होणार? १६६९ मध्ये फ्रान्सच्या चौदाव्या लुईने फर्मान काढलं की टेबलावर आणि रस्त्यात टोकदार सुऱ्या चालणार नाहीत. टोकं घासून गोल झाली. टोक गेल्यावर घास टोचायचा कशाने? तोवर इटलीतून काटा पसरत आलाच होता, त्याने ते काम घेतलं. इंग्रज मात्र काट्याला बराच काळ हसत होते. टॉमस कोरियट नावाच्या एका इंग्रज भटक्याने इटलीतल्या काट्याचं नवल १६११ साली छापलेल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवलं. हाच कोरियट पुढे पायी पायी हिंदुस्थानात आला, जहांगीर बादशहाच्या काळात, आणि १६१७ मध्ये सुरतेला वारला. काट्याची तारीफ करणारा माणूस हाताने जेवणाऱ्यांच्या देशात मातीला मिळाला. यावर कविता व्हायला हवी, पण आजचा विषय तो नाही.

तर विसाव्या शतकात टेबलावर टोक आणि धार परत आली ती स्टेकपुरती. ती दातेरी का, याचं उत्तर मला पुस्तकाआधी शेतात मिळालं होतं. आमच्याकडे सोयाबीनच्या काढणीला बाया येतात. पूर्वी त्यांच्या हातात साध्या धारेचा विळा असायचा. दुपार झाली की तो बोथट व्हायचा, मग दगडावर घासणं आलं. हल्ली बाजारात दातेरी विळा मिळतो, वैभव विळा म्हणतात त्याला. वजनाला हलका, आणि सुगीभर धार लावावी लागत नाही. झटका द्यायचा नाही, ताट मुठीत धरून विळा आपल्याकडे ओढायचा.

स्टेकच्या सुरीचं तेच तत्त्व. काचेसारखा मुलामा दिलेली चिनी मातीची थाळी पोलादापेक्षा कठीण असते. साध्या धारेची सुरी दर घासाला त्या थाळीवर घासली जाते आणि थोड्याच दिवसांत चमच्याच्या लायकीची उरते. दातेरी सुरीत थाळीला टेकतात ती फक्त दातांची टोकं. दोन दातांमधल्या खोलगट जागेतली धार थाळीला शिवतच नाही, म्हणून टिकते. शिवाय हाताचा सगळा जोर थोड्याशा टोकांवर एकवटतो, त्यामुळे वरचा खरपूस पापुद्रा चटकन फुटतो. तोटाही आहे. करवतीने लाकडाचा भुसा पडतो तसं ही सुरी मांस थोडं फाडते, आणि एकदा दाते झिजले की आपला सायकलवरचा धारवाला त्यांना हात लावत नाही, कारण त्याच्या साणेचं चाक सपाट. म्हणून शौकीन लोक आजही साध्या धारेची सुरी मागतात आणि तिची निगा राखतात.

निगा म्हटल्यावर मला आमच्या घरातली सुरी आठवली.

माझे आजोबा, आम्ही त्यांना दादाअब्बा म्हणायचो, पूर्णा जंक्शनला खानसामा होते. पूर्णा आज दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागात आहे, तेव्हा निजामाची रेल्वे होती. मीटरगेजची गाडी, इंजिनांचं शेड, रेल्वेची वसाहत. रेल्वेच्या साहेबांसाठी दादाअब्बा रांधायचे आणि वाढायचे. १९५१ मध्ये निजामाची रेल्वे मध्य रेल्वेत मिळाली, साहेब गेले, आणि दादाअब्बांच्या वाट्याला त्या थाटातली एकच सुरी आली. हाडाची मूठ, तिला बारीक भेग, आणि काळवंडलेल्या पात्यावर शेफील्ड असं कोरलेलं. माझ्या लहानपणी अम्मी तिने साबणाची वडी कापायची.

ते पातं काळं का, हेही आता उलगडलं. ते जुन्या साध्या पोलादाचं होतं. त्याला धार उत्तम लागते, पण लिंबू-व्हिनेगर लागलं की डाग पडतो आणि ओलं राहिलं की गंज चढतो. म्हणून साहेबाच्या घरी रोज जेवणानंतर विटेच्या भुकटीने सुऱ्या घासायचं स्वतंत्र काम असे. अम्मी सांगते, दादाअब्बा निवृत्त झाल्यावरही राख घेऊन ती सुरी घासत बसायचे. न गंजणारं पोलाद शोधलं तेही शेफील्डमध्येच. १९१३ मध्ये हॅरी ब्रेअर्ली बंदुकीच्या नळ्या झिजू नयेत म्हणून पोलादात क्रोमियम घालून पाहत होता. ते पोलाद गंजेना. त्याला वाटलं, याच्या सुऱ्या कराव्यात. सुरुवातीच्या सुऱ्यांना धारच धरेना, तेव्हा गावातले सुरीवाले त्याला न कापणाऱ्या सुऱ्यांचा जनक म्हणून चिडवायचे. पोलादाला पाणी देण्याची रीत जमली आणि चिडवणं थांबलं. आज तुमच्या-माझ्या घरातलं ताट, वाटी, तांब्या सगळं त्याच कुळातलं.

आणखी एक गोष्ट अम्मीने सांगितली. साहेबाला स्टेक वाढून झाला की दादाअब्बा मागच्या ओसरीवर बसून हाताने जेवायचे. आयुष्यभर सुरी-काटा मांडला, पण स्वतः कधी त्याने घास घेतला नाही.

आता अबोल्याकडे. मी आमच्या मशिदीतल्या मौलवीसाहेबांना विचारलं. सुरी वापरण्याला त्यांची हरकत नव्हती. बुखारीच्या हदीससंग्रहात नोंद आहे की पैगंबरसाहेब बकऱ्याच्या खांद्याचं मांस सुरीने कापून खात होते, नमाजची हाक आली तेव्हा सुरी ठेवून उठले. मांस सुरीने कापू नका, ती परक्यांची रीत आहे, असंही एक वचन अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे, पण ते भक्कम नाही असं स्वतः अबू दाऊद यांनीच लिहून ठेवलं आहे. राहिला डावा हात. त्याबद्दल ते ठाम होते: घास उजव्याच हाताने.

आणि इथे मदतीला आले अमेरिकन. इंग्रज माणूस काटा शेवटपर्यंत डाव्या हातात ठेवतो. अमेरिकेत मात्र जुनी रीत अशी की डाव्या हातातल्या काट्याने मांस धरायचं, उजव्या हाताने कापायचं, मग सुरी ताटाच्या कडेला ठेवायची, काटा उजव्या हातात घ्यायचा आणि मग खायचं. पुढच्या घासाला पुन्हा तसंच. इंग्रज याला नागमोडी पद्धत म्हणून हसतात. हसोत बापडे. मुलीने कॉलेजात मॅडमना विचारलं, दोन्ही पद्धती शिष्टसंमत आहेत असं उत्तर मिळालं.

बाकीचे नियम तिच्याकडूनच मी शिकलो. सुरी उजवीकडे, धार ताटाकडे, शेजाऱ्याकडे नाही. मूठ तळहातात, तर्जनी पात्याच्या पाठीवर, पण धारेपासून दूर. मांसाचे धागे कोणत्या दिशेने गेलेत ते आधी पाहायचं आणि त्यांच्या आडवं कापायचं. उभं कापलं तर लांब धागे तसेच राहतात आणि चावून जबडा दुखतो. आडवं कापलं तर धागे आधीच तोकडे झालेले असतात. दाबायचं नाही, आपल्याकडे ओढायचं. सुरी चाटायची नाही, तिने बोलताना खुणा करायच्या नाहीत. खरकटी सुरी टेबलक्लॉथवर ठेवायची नाही, ताटातच आडवी ठेवायची. कुणाला द्यायची तर मूठ पुढे करून. हा शेवटचा नियम आमच्याकडेही आहे, खाटकाच्या दुकानातही आणि बकरी ईदच्या दिवशीही.

धाग्यांच्या आडवं कापण्याची गोष्ट पोरीने मन लावून ऐकली होती, हे मला नंतर कळलं. बकरी ईदच्या आधी गल्लीत धारवाला आला तेव्हा घरातल्या सुऱ्यांबरोबर तिने साबणाची ती काळी सुरीही नेली. त्याने पातं उन्हात धरून पाहिलं, अंगठा फिरवला आणि म्हणाला, हे लोखंड हल्ली मिळत नाही, बाई, साबणावर कशाला वाया घालवता.

ईदच्या दुपारी दस्तरखान पसरला. रान भाजली होती. अम्मी दरवर्षी अशा वेळी रस्सा-भातावर भागवते. मांस चावत नाही आणि कुणी बारीक करून देतो म्हटलं तर तिला अपमान वाटतो. पोरगी तिच्याशेजारी बसली. ताटलीत रानेचा एक तुकडा घेतला, काट्याने धरला, धागे पाहिले आणि दादाअब्बांच्या सुरीने त्याच्या आडव्या, कागदासारख्या पातळ चकत्या काढल्या. मग सुरी ताटलीच्या कडेला ठेवली आणि काटा डाव्या हातातून उजव्या हातात घेतला. अम्मी हे सगळं बघत होती.

"ये दादाअब्बा की छुरी है ना?"

"हौ, दादी."

अम्मीने काटा घेतला नाही. उजव्या हाताच्या दोन बोटांनी एक चकती उचलली, बराच वेळ हिरड्यांवर घोळवली, आणि मग ताटली स्वतःकडे ओढून म्हणाली, "और काट."

पोरीची मुलाखत पुढच्या महिन्यात आहे.